वनस्पतीचे चित्र आणि भाजीचे चित्र

भोर तालुक्यातील भोंगवलीत काय किंवा पुण्याच्या मंडईत काय, वांगे ओळखावयास कोणालाही पुस्तक उघडावे लागत नाही. परंतु ते कागदावर उतरवून चौकटीत घालण्याजोगे आहे, ही समजूत आपल्याकडे फारशी जुनी नव्हे. स्पेनमध्ये १६०२ च्या सुमारास हुआन सांचेस कोतान याने दोरीला टांगलेला कोबी तैलरंगात मोठ्या गांभीर्याने रंगविला होता. आपल्या भिंतींवर आणि पोथ्यांत त्या काळी मान होता तो देवांना, राजांना आणि हत्तीघोड्यांना.

विलायती पद्धतीचे जलरंगातील काम पुण्यास रुजले ते रेसिडेन्सीच्या आश्रयाने. १७९० नंतरच्या काही वर्षांत रेसिडेंट मॅलेट व चित्रकार जेम्स वेल्स यांच्यापाशी गंगाराम तांबट हा पुण्याचा कारागीर काम करीत असे. वेरूळची लेणी आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा त्याने काढला. त्याचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

पुढे पन्नास वर्षांनी दापोडीस काय घडले पाहा. तेथील सरकारी बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका गोवेकरी वळणाच्या, पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. झाडाचे लॅटिन नाव विद्वानांनी कसोशीने निश्चित केले. ज्याच्या कुंचल्याने ते झाड उमटले त्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. आम्हांस हे फार लागते.

तथापि ही स्थिरचित्रे नव्हेत. शास्त्रासाठी काढलेल्या चित्रात झाड कोऱ्या कागदावर एकटे उभे असते. त्याला ना मेज, ना खिडकी, ना सावली. भाजी ही देठापासून तोडून घरात आणलेली वस्तू. तिच्याशेजारी तांब्या असतो, मागे पडदा असतो, एका बाजूने उजेड येतो. (तिच्यातील बटाटा व मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, आणि ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच.) हा शेजार आपल्या मुलांना शिकविला तो चित्रकलेच्या शाळांनी आणि सरकारी ग्रेड परीक्षांनी. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. आज कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र असते, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. मुलांसमोर मांडलेल्या भांड्यांच्या जोडीला फळ किंवा भाजी हमखास येते.

या परीक्षांनी ठोकळेबाजपणा वाढविला, हे आम्हांस मान्य आहे. ठराविक तांब्या, ठराविक घडी, आणि सावली म्हणून काळ्या रंगाचा पट्टा! पण खरे वांगे मुलाला असे सुटू देत नाही. त्याचा जांभळा पेटीतल्या एका वडीत सापडत नाही; निळा आणि किरमिजी ओला असतानाच एकमेकांत मिसळावा लागतो. त्याची तकाकी पांढऱ्या रंगाने आणू गेल्यास ती खडूसारखी दिसते. तेवढा कागद प्रथमपासून कोरा राखावा लागतो, म्हणजे काय रंगवावयाचे नाही हे आधी ठरवावे लागते. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांनी समईच्या प्रकाशातील स्त्रीचे प्रसिद्ध चित्र जलरंगातच केले. तेथील उजेड आणि वांग्यावरचा उजेड एकाच जातीचा आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो.

परीक्षेच्या कागदावर मुलाचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. निःपक्षपाती तपासणीसाठी ते योग्यच. घरी, चुलीपाशी बसून केलेल्या सरावाच्या कागदांना ती अडचण नाही. त्यांच्या कोपऱ्यात नाव, तारीख आणि खाली ‘भोंगवली’ असे मुलांकडून लिहवून घ्यावे, एवढी विनंती आम्ही येथील शिक्षकांस करतो.