महाजनी, विष्णु मोरेश्वर
(१८५१–१९२३). वऱ्हाडातील शिक्षणाधिकारी व मराठी नाट्यरूपांतरकार. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे गेल्यावर तेथे नवे शिक्षणखाते उभे राहिले. या खात्यात महाजनी अकोल्यास शिक्षक असताना गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) हे त्यांचे विद्यार्थी होते. पुढे आगरकरांनी सरकारी नोकरीकडे पाठ फिरविली; महाजनी मात्र तिच्यातच वरिष्ठ पदापर्यंत चढले व रावबहादूर झाले. तथापि अधिकारपदामुळे त्यांची लेखणी थांबली नाही. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’ व ‘द विंटर्स टेल’ या नाटकांची ‘तारा’ (१८७९) व ‘मोहविलसित’ (१८८१) ही रूपांतरे त्यांनी केली. पुणे येथील साहित्यसंमेलनाचे (१९०७) ते अध्यक्ष होते. सरकारी चाकरीत राहूनही मातृभाषेची सेवा करता येते, हे त्यांच्या कारकीर्दीवरून दिसून येते.