वाराचे जेवण आणि कॉलेजचे शिक्षण

फराळाचे ताट पुढ्यात असताना उपासाच्या गोष्टी काढू नयेत, असा संकेत आहे. पण शिक्षणाचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात चुलीपासून करावी लागते, त्याला माझा इलाज नाही. कोणते कॉलेज कोणत्या साली निघाले हे आमच्या पाठ्यपुस्तकांत असते. त्या कॉलेजातला मुलगा रात्री कोठे जेवला, हे मात्र त्यांत सापडत नाही.

एके काळी पुण्यासारख्या विद्येच्या गावी गरीब ब्राह्मण मुलाची सोय ठरलेली असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवसांचे सात उंबरठे. याला वार लावणे म्हणत. सात घरे जुळली नाहीत तर माधुकरीची झोळी होतीच. आता हे जेवण काही सुखाचे नसे. वाढणाऱ्या बाईच्या कपाळावरची आठी पाहून पोळीचा दुसरा तुकडा मागायचे धैर्य होत नसे. तरीपण सोय ती सोय. कित्येक मोठी माणसे या वारांवर शिकली.

पण ही सोय जातीच्या वेशीपाशी थांबत होती. कुणब्याच्या, कोष्ट्याच्या मुलाला वार कोण लावणार? आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातल्या मुलाला तर वळकटी टाकायलाही जागा नव्हती. फी माफ केली तरी तो शहरात राहणार कोठे आणि खाणार काय?

हे दुखणे ज्यांनी नेमके ओळखले ते कोल्हापूरचे शाहू महाराज. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून होते. परंतु खेड्यातला मुलगा तेथवर पोहोचत नव्हता. महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. मग जैन, लिंगायत, मुसलमान अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातीच पक्क्या केल्या, असे कोणी कोणी म्हणतात. मला ते पटत नाही. त्या काळात आपल्या जातीची चूल असल्याखेरीज आईबापांनी मुलगा पाठवला नसता, आणि समाजातल्या पैसेवाल्यांनी थैलीही सोडली नसती. महाराजांना घाई होती. त्यांनी जे साधेल ते आधी साधले.

राहिलेले काम एका भांडखोर मुलाच्या वाट्याला आले. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते जाऊन आले. परतल्यावर आंघोळ करूनच आत यावे असा हुकूम झाला, तो त्यांनी मानला नाही, आणि वसतिगृह सुटले, अशी हकीकत सांगतात. भाऊराव मॅट्रिकही झाले नाहीत. (माझे शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबलेले असल्यामुळे हे वाक्य लिहिताना मला किंचित बरे वाटते.)

याच भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. येथे चूल एकच होती. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग, सारी मुले एका पंगतीला बसत. नुसती बसतच नव्हती. पाणी भरणे, दळणे, भाकरी भाजणे हीही पाळीपाळीने करीत. कोणाच्या हातची भाकरी कोणी खाल्ली याचा हिशेब ठेवायला कोणाला सवडच उरत नसे! १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्यास आले आणि वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले.

येथे लक्ष्मीबाईंबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. भाऊराव गावोगाव हिंडत, मूठमूठ धान्य गोळा करीत. घरी मुले सांभाळायची ती या बाईने. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही सून. सगळ्या जातींची पोरे स्वयंपाकघरात आलेली पाहून तिला प्रथम काय वाटले असेल! पण पोरे आजारी पडली की उशाशी तीच. दागिने एकेक करून मोडले, आणि एकदा कोठारात दाणा उरला नाही तेव्हा गळ्यातले मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये ती वारली. आजकाल कॉलेजांतून विद्यार्थी कल्याणाचे वेगळे खाते असते, त्याला प्रमुख असतो, फायली असतात. ते असावेच; परंतु त्या खात्याच्या पहिल्या प्रमुखाचे नाव विचाराल तर मी लक्ष्मीबाईंचे सांगेन.

पुढे १९४७ च्या जूनमध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. वसतिगृहात मुरलेली रीत तेथे कॉलेजात आली: कमवा आणि शिका. पैसा नसलेल्या मुलाने शेतात, बांधकामावर श्रम करायचे आणि त्यावर शिकायचे. यात खरा मुद्दा पैशाचा नव्हता. वाराचे जेवण जेवणारा मुलगा जन्मभर मिंधा राही. येथला मुलगा आपल्या घामाची भाकरी खात होता. त्याला कोणाच्या कपाळावरची आठी पाहावी लागत नव्हती. मास्तर म्हणून एक शंका मात्र मला येते. दिवसभर कुदळ मारलेला मुलगा रात्री कंदिलापुढे पेंगत असेलच की! श्रीमंताच्या मुलाला तेवढा वेळ फुकट मिळत होता. ही उणीव त्या योजनेत होती, आणि तिच्यावर उपाय सापडलेला दिसत नाही.

मुंबईत डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. १९४६ मध्ये निघालेल्या सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे कचेरीत नोकरी करणाऱ्या तरुणाला आधी शिकून मग कामावर जाता यावे. नुसते वेळापत्रक बदलले, आणि केवढ्या मुलांना दार उघडले!

साताऱ्याच्या त्या वसतिगृहातले एक विद्यार्थी पी. जी. पाटील. ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले ते वकिलीत न रमता भाऊरावांच्या संस्थेत शिकवू लागले. भाऊराव १९५९ मध्ये गेले. त्यानंतर १९७५ मध्ये पाटील शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ते विद्यापीठ कोल्हापुरात आहे. तेथील विद्यार्थी भवनात ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुले राहतात.