खिडकीतला कप

आज माईकशेजारी गरम कप आहे. बंगळूरच्या मित्रानं चहाचं पाकीट पाठवलंय. ऊलाँग, तोही क्रेम ब्रूले फ्लेवरचा. क्रेम ब्रूले म्हणजे वर जळक्या साखरेचा थर असलेलं फ्रेंच कस्टर्ड.

ऊलाँग हा हिरवा आणि काळा यांच्या मधला चहा. तोडलेली पानं हवा लागून काळपट होत जातात. ते अर्ध्यावर थांबवलं की ऊलाँग, पुरतं होऊ दिलं की आपला नेहमीचा. मूळ चीनचा, मग तैवानचा. तैवानच्या जिन श्वान जातीच्या पानाला तर मुळातच दुधाळ चव असते.

आईनं एक घोट घेतला. "तळाला लागलेल्या बासुंदीचा वास येतोय," म्हणाली. "पण दूध कुठाय?"

मग तिनं कामाच्या मावशींनाही चहा दिला. आम्हाला सेटमधले कप, मावशींना खिडकीतला कान तुटलेला. तो कप मी लहानपणापासून बघतोय. वेगळा का, कधी विचारलं नाही. त्या दिवशीही गप्पच बसलो.

आणि मी राहतो कुठं? कोल्हापुरात!

इथं गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ राजर्षी शाहू महाराजांकडे नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय गंगारामना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. धंदा कसला? चहाचा! भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उभं राहिलं.

आता विचार करा. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा त्या काळी प्यायला कोण येणार? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडीतून यायचे, हॉटेलसमोर थांबायचे, चहा मागवायचे आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजायचे. भर रस्त्यावर, सगळ्यांदेखत.

याच महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. १९१९ मध्ये पाणवठे, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करायचे हुकूम काढले. मला मात्र राहून राहून तो चहाच आठवतो. विहीर हुकमानं खुली होते. पण कुणाच्या हातचं प्यायचं, कुणाला कुठल्या कपात द्यायचं, हे घराघरात ठरतं. तिथं हुकूम पोचत नाही. तिथं कुणीतरी आधी घोट घ्यावा लागतो.

महाराज ६ मे १९२२ ला गेले. शंभर वर्षं उलटली, आणि आमच्या खिडकीत तो कप तसाच.

परवा पुन्हा ऊलाँग केला. या वेळी तिन्ही कप मीच काढले, सेटमधले. आईनं माझ्याकडं बघितलं, बोलली काहीच नाही. मावशींनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बाळा, यात दूध घाल की रं!"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर घरातले कप एकदा मोजून बघा.