बाणकोटच्या बदल्यात

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघालं की आरे-वारेच्या चढावर प्रत्येक गाडी थांबते. खाली सुरूचं बन, दोन अंगांना वाळूचे दोन पट्टे, समोर उघडा दर्या. तिथे उभं राहिलं की मला १७५६ सालचा फेब्रुवारी आठवतो. मुंबईहून निघालेलं इंग्रजांचं आरमार याच दर्याने दक्षिणेला विजयदुर्गावर गेलं. त्याला बोलावणं आपलंच होतं.

परक्याच्या जोरावर शेजारची सत्ता उलथवायची, ही चाल जगात पुष्कळदा खेळली गेली. १९५४ साली ग्वाटेमालाचे निवडून आलेले अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांना घालवण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने कास्तिलो आर्मासला हाताशी धरलं. तो शेजारच्या होंडुरासमधून माणसं घेऊन आत शिरला. मुळाशी युनायटेड फ्रूट या केळीच्या कंपनीच्या जमिनींचा वाद होता. कोकणातल्या माणसाला यात नवं काही नाही. त्याच्या दोनशे वर्षं आधी आपण तसाच तह लिहून दिला होता.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले आणि मुलांत तेढ पडली. कुलाबा मानाजीकडे राहिला. सुवर्णदुर्ग ते विजयदुर्ग हा पट्टा संभाजीकडे आणि त्याच्यामागे तुळाजीकडे आला. तुळाजी कर्तबगार होता, पण पेशव्यांना जुमानत नव्हता. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खरीच होती. चूक झाली ती उपायात.

१९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. समुद्रावरचा हुकूम इंग्रजांचा, धरलेली गलबतं निम्मी-निम्मी, आणि मदतीचं मोल म्हणून बाणकोटचा किल्ला व आसपासची गावं. तीन दिवसांत कमोडोर जेम्स निघाला आणि एप्रिलच्या आरंभी सुवर्णदुर्ग पडला. पुढे अंजनवेल, गोवळकोट पेशव्यांच्या फौजेने खुष्कीवरून घेतले.

उरला विजयदुर्ग. ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह तेव्हा योगायोगाने मुंबईत होते. निघण्याआधीच त्यांनी बसून लुटीचे वाटे ठरवले, आणि त्यात मराठ्यांना छदाम नव्हता. तुळाजी वाटाघाटीसाठी पेशव्यांच्या छावणीत आला आणि अडकला. हल्ल्यात एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेलं. त्याची आग शेजारी नांगरलेल्या गुराबांना लागली, आणि कान्होजींपासून दोन पिढ्यांनी उभं केलेलं आरमार संध्याकाळपर्यंत जळून गेलं. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. आत सापडलेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, आणि किल्ला सोडायलाही ते तयार होईनात. अखेर ऑक्टोबरमध्ये नवा तह झाला, तेव्हा विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे पक्का झाला.

ज्या आरमाराने इंग्रजांना या किनाऱ्यावर अर्धशतक धाकात ठेवलं, ते मराठ्यांच्याच सांगण्यावरून बुडालं. याची हळहळ मला कधीच सुटत नाही.

वॉटसन आणि क्लाइव्ह इथून पुढे बंगालला पोचले. जून १७५७ मध्ये प्लासीला सिराजउद्दौल्याची गादी गेली, कारण त्याचा सेनापती मीर जाफर आधीच क्लाइव्हशी मसलत करून बसला होता. विजयदुर्गानंतर अवघ्या सोळा महिन्यांत!

मग ही चाल पेशव्यांच्याच घरात शिरली. ६ मार्च १७७५ रोजी नानासाहेबांचे भाऊ राघोबादादा यांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. इंग्रजी फौज द्या, गादी मिळवून द्या, बदल्यात साष्टी आणि वसई घ्या. १७७९ मध्ये राघोबांच्या विरोधातल्या बारभाईंच्या फौजेने वडगावला इंग्रजांना शरण आणलं, म्हणून तेव्हा निभावलं. साष्टी मात्र परत आली नाही. १८०२ मध्ये होळकरांनी पुण्याजवळ हरवल्यावर दुसरा बाजीराव कोकणात उतरला तो सुवर्णदुर्गाकडे, आणि तिथून इंग्रजी जहाजाने वसईला गेला. ३१ डिसेंबरला त्याने तिथे इंग्रजांशी केलेल्या तहावर सही केली. त्याचे चुलते नानासाहेब यांच्या काळात ज्या किल्ल्यावर इंग्रजी तोफा बोलावल्या होत्या, त्याच वाटेने पुतण्या इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

१८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य गेलं, तेव्हा मध्यस्थाचीही गरज उरली नव्हती. सागवानाचा व्यापार करणाऱ्या बॉम्बे बर्मा कंपनीला त्याच्या दरबाराने केलेला दंड हे निमित्त पुरलं. राजाला आणून ठेवलं ते रत्नागिरीत. इथेच तो १९१६ मध्ये वारला.

तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच संपला. बाणकोटला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्याचं पहिलं ठाणं त्यांनी बाणकोटलाच ठेवलं. १८२२ मध्ये ते रत्नागिरीला हलवलं.