बनगाव येथील जलसंजीवनी उपचार (१९७१)

बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमधील पटकीच्या साथीवर झालेला ऐतिहासिक उपचार-अभ्यास. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजण्याचे ठरवले. ग्लुकोजमुळे आतड्यात सोडियम आणि त्याबरोबर पाणी शोषले जाते. मिश्रणाच्या पुड्या कोलकात्यात भरल्या जात. बनगावात तोटी लावलेल्या पिंपांतून द्रावण घेऊन नातेवाईकच ते रुग्णाला पाजत. मृत्युप्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी उपचाराविना गट ठेवला नव्हता. हाताशी असलेला उपाय मरणासन्न माणसांना नाकारणे अमानुषच ठरले असते. निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. महालनोबिस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.