3 जूनची सायकल

इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया आठवतात, तह आठवतात. आज मात्र फक्त एका तारखेबद्दल बोलायचंय. ती तारीख इतकी जवळची आहे की तुमच्या मोबाइलच्या गॅलरीत त्या दिवसाचे फोटोही सापडतील. 3 जून 2020.

त्या दिवशी चार गोष्टी घडल्या. पहिली, तो जागतिक सायकल दिन होता. संयुक्त राष्ट्रांनी 2018 मध्ये हा दिवस ठरवला. दुसरी, महाराष्ट्रात ‘मिशन बिगिन अगेन’चा पहिला टप्पा त्याच दिवशी सुरू झाला. सव्वादोन महिने घरात कोंडलेल्या लोकांना पहाटे 5 ते संध्याकाळी 7 या वेळेत चालायला, पळायला आणि सायकल चालवायला परवानगी मिळाली. सायकलवर अंतर आपोआप राखलं जातं, म्हणून ती जरूर चालवा, असा सरकारचाच सूर होता. तिसरी, दिल्लीजवळच्या साहिबाबादमध्ये अ‍ॅटलस सायकलचा शेवटचा चालू कारखाना बंद पडला. 1951 मध्ये सोनिपतला सुरू झालेली ही कंपनी, आपल्या आजोबांच्या पिढीची सायकल. कामगार सकाळी गेटवर आले आणि त्यांना नोटीस वाचायला मिळाली. आणि चौथी, दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर, मध्येच 120.

यातल्या तीन गोष्टी सायकलच्या आणि एक वादळाची. माझ्या गावात मात्र त्या चारही एकमेकींत गुंतल्या. कशा, ते सांगतो.

माझं गाव कापडे, तालुका पोलादपूर. मुंबई-गोवा हायवे सोडून उमरठ-ढवळ्याच्या दिशेला आत वळलात की लागतं. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे ते गाव. पुढे ढवळे, तिथून चंद्रगड, आणि डोक्यावर महाबळेश्वरची भिंत. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईत असतो. गावात त्यांना म्हणतात ‘मुंबईकर’. मीही त्यातलाच.

आता थोडं मागे जाऊ, कारण 2020 मध्ये जे झालं ते आमच्या भागात पहिल्यांदा झालेलं नाही.

सप्टेंबर 1896. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तेव्हाची मुंबई आठ-साडेआठ लाखांची. फेब्रुवारी 1897 पर्यंत त्यातली जवळपास निम्मी माणसं शहर सोडून गेली होती. त्यात गिरणीत, गोदीत राबणारे कोकणी लोक किती असतील, विचार करा. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता आणि हायवे नव्हता. बाणकोटच्या खाडीतून गलबतं सावित्रीवरून वर दासगाव-महाडकडे यायची, आणि पुढे आमच्यासारख्या आतल्या गावांना पायीच जायचं. बंदरावर तपासणी, स्टेशनवर तपासणी. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा झाला. तो इतका टिकला की मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी नियम काढले, तेही त्याच कायद्याखाली.

आणि गंमत बघा, ज्या वर्षी प्लेग आला, त्याच वर्षी जगात सायकलचं वेड शिगेला पोचलं होतं. 1885 मध्ये स्टार्लीची ‘रोव्हर’ आली, दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला चेन. 1888 मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. जुलै 1896 मध्ये तीन इंग्रज सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला लंडनहून निघालेसुद्धा. म्हणजे एकीकडे हौस म्हणून जग फिरणारी माणसं, आणि दुसरीकडे त्याच काळात जीव मुठीत धरून गावाची वाट चालणारी माणसं. तेव्हा या दोन जगांचा एकमेकांशी संबंध येत नव्हता. सायकल होती साहेबांकडे आणि श्रीमंतांकडे. आमच्या खापर-खापरपणज्यांकडे पाय होते.

2020 मध्ये ती दोन जगं एकाच रस्त्यावर आली.

एप्रिल-मे 2020 मध्ये याच हायवेवरून माणसं मुंबईहून चालत कोकणात येत होती. त्याच मे महिन्यात पंधरा वर्षांच्या ज्योती कुमारीने जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून बिहारमध्ये दरभंग्यापर्यंत सायकल मारली. सुमारे 1,200 किलोमीटर. सगळ्या देशाने कौतुक केलं. पण ती काही सायकलिंगला निघाली नव्हती. दुसरा पर्यायच नव्हता.

आणि मग शहरांत उलटं चित्र. जिम बंद, मैदानं बंद, लोकल बंद. लोक सायकलच्या दुकानांवर तुटून पडले. सायकल उत्पादकांच्या संघटनेचा आकडा आहे: मे ते सप्टेंबर 2020 या पाच महिन्यांत देशात 41,80,945 सायकली विकल्या गेल्या. मे महिन्यात साडेचार लाख, सप्टेंबरमध्ये 11 लाखांच्या वर. गिअरच्या सायकलींसाठी वेटिंग. आणि ज्या मोसमात सायकलला कधी नव्हे एवढी मागणी आली, त्याच्या तोंडावरच अ‍ॅटलसचा कारखाना बंद झाला होता.

मी मेच्या शेवटी ई-पास काढून गावी आलो. चौदा दिवस मराठी शाळेत क्वारंटाइन. गाव आपलंच, पण वेशीवर बांबू आडवा होता. कुणी वाईट बोललं नाही, आणि जवळही कुणी आलं नाही. दोन्ही बाजूंना भीती होती. माझा डबा आणायची चुलत बहीण. तिच्याकडे शॉकअपची जुनी सायकल होती, महाडहून सेकंडहॅण्ड घेतलेली. डबा पायरीवर ठेवायची, दहा पावलं मागे जायची आणि सायकलवर बसूनच गप्पा मारायची. गावातलं माणूस माझ्याशी निवांत बोलतंय, असं दिवसातून तेवढंच.

3 जूनला वादळ आलं तेव्हा मी शाळेतच. किनाऱ्यापासून इतकं आत असूनही आमच्याकडे कौलं उडाली, आंबे-फणस आडवे झाले, विजेचे खांब वाकले. लाइट गेली, रेंज गेली. लाइट यायला बरेच दिवस लागले. आणि 15 जूनला राज्यात शाळा सुरू झाली, ऑनलाइन. माझी बहीण दहावीला.

आता आमच्या वाडीच्या मागे एक चढ आहे. वर माळ. रेंज मिळायची ती माळावर, एका उंबराच्या आसपास. मग तिचा दिनक्रम ठरला. सकाळी दप्तर, छत्री, पॉवरबँक, आणि सायकल ढकलत वर. अर्धी वाट चालवायची, अर्धी ढकलायची. माझे चौदा दिवस संपल्यावर मीही जायला लागलो, माझं ऑफिसचं काम तिथूनच. आणखी चार-पाच पोरं यायची, काही गावातली, काही माझ्यासारखी मुंबईहून आलेली. अंतर ठेवून बसायचं, कारण घरून तशी ताकीद.

आणि क्लास संपला की उतार!

लाल चिखल, मध्ये ओहोळ, शेवाळलेले दगड, एक अवघड वळण. पोरांनी आधी मडगार्ड काढली, कारण चिखल अडकून चाक जाम व्हायचं. मग कॅरिअर काढलं, स्टँड काढलं. टायरमधली हवा थोडी कमी ठेवली की पकड चांगली मिळते, हे कुणी शिकवलं नाही, दोन-चारदा आपटून कळलं. ब्रेक शू पावसात आठवड्यात झिजायचे आणि पोलादपूरला नवीन मिळायचे नाहीत, तर एकाने टायरचे तुकडे कापून बसवले.

मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वाचलं, की माउंटन बाइकिंग नेमकं असंच जन्माला आलं. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात मरिन काउंटी नावाच्या भागात काही तरुण भंगारातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन माउंट टॅमल्पाइसच्या कच्च्या वाटांवरून खाली सोडायचे. ऑक्टोबर 1976 मध्ये त्यांनी शर्यत लावली, सुमारे तीन किलोमीटरमध्ये 1,300 फूट उतार. मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर उतारानंतर नवीन भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं ‘रिपॅक’. पुढे त्याच टोळक्यातल्या जो ब्रीझने खास डोंगरासाठी सायकल बांधली, कंपन्या आल्या, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. आज त्याच्या सायकली लाखालाखाला मिळतात. पण मूळ सुरुवात जुनी सायकल, कच्ची वाट आणि घरगुती दुरुस्ती एवढ्यावरच झालेली. आमची पोरं नकळत तिथेच पोचली होती.

सगळ्यांना हे आवडलं नाही. एका घरी मुंबईत माणूस गेलेला, शेवटचं तोंडही बघता आलं नाही. तिथे आमच्या ओरडण्याचा आवाज जायचा. काकांनी एकदा स्पष्ट विचारलं, “माणसं मरतायत आणि तुम्हाला खेळ सुचतो?” प्रश्न रास्त होता. मी गप्प बसलो. उत्तर आजीने दिलं. म्हणाली, “पोरगी वर शाळेला जाते. खाली येताना रडत येऊ दे का?”

मंडळी, मला वाटतं या एपिसोडचा मुद्दा आजीने एका वाक्यात सांगितला. आपण सायकलचे दोन कप्पे करतो. एक गरजेची सायकल: दूधवाल्याची, कामगाराची, ज्योती कुमारीची. दुसरी हौसेची: हेल्मेट, गिअर, अ‍ॅपवर किलोमीटर. पहिलीबद्दल आपल्याला कणव वाटते, दुसरीचं कौतुक वाटतं किंवा राग येतो. पण त्या चढावर एकच पोरगी, एकच सायकल होती. वर जाताना गरज, खाली येताना हौस. खाली येण्यात मजा होती म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जायची. आणि बांबूच्या अलीकडची आणि पलीकडची पोरं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागली ती त्या उतारावर.

आणि ती वाट तरी कुणाची? आमच्या भागातल्या डोंगरवाटा सायकलसाठी झालेल्या नाहीत. महाड ही जुनी बाजारपेठ. तिथून पार घाट, वरंधा घाट अशा वाटांनी बैलांच्या पाठीवर मीठ वर जायचं आणि देशावरचं धान्य खाली यायचं. इंग्रजांनी पोलादपूरहून महाबळेश्वरला गाडीरस्ता काढला, फिट्झगेराल्ड घाट, म्हणजे आपला आंबेनळी. आज पुण्या-मुंबईचे सायकलस्वार हौसेने तो घाट चढतात. ज्याला ते ‘ट्रेल’ म्हणतात त्या बहुतेक वाटा कुणाच्या तरी पोटापाण्याच्या होत्या, काही अजून आहेत. त्यांनी येऊ नये असं मी म्हणत नाही, जरूर यावं. फक्त डोक्यावर भारा घेतलेली बाई समोरून आली तर सायकल बाजूला घेऊन थांबावं. ती वाट आधी तिची आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. 2021 मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. वर्षभर ज्या पेपरांसाठी बहीण चढ चढली, ते तिने लिहिलेच नाहीत. 16 जुलैला अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि त्या दिवशी निकालाची वेबसाइटही बसली. तिला टक्के चांगले पडले. पण “दादा, हे टक्के खरे धरायचे का?” हा प्रश्न तिने मला विचारला, आणि त्या वर्षी दहावी झालेल्या बऱ्याच जणांनी स्वतःला विचारला असेल.

त्यानंतर सहाच दिवसांनी, 22 जुलै 2021 ला, डोंगर खाली आला. महाड तालुक्यात तळिये गावात ऐंशीहून जास्त माणसं दरडीखाली गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत घरं गाडली गेली, माणसं गेली. महाड शहर पाण्याखाली, आंबेनळी घाट जागोजागी खचलेला. आमच्या उतारावरही माती आली आणि ते अवघड वळण नाहीसं झालं. त्यानंतर तिथून सायकल कुणी सोडली नाही. पावसात डोंगराकडे बघायची नजरच बदलली.

मुंबईकर मुंबईला परतले. प्लेगनंतर परतले होते तसेच. साथ संपली की पोट माणसाला शहरात नेतं, हे सव्वाशे वर्षांत बदललेलं नाही. बदललं एवढंच, की या वेळी आमच्यातल्या एका मुलीकडे सायकल होती.

प्लेगच्या वर्षाबद्दल आपल्याला मृतांचे आकडे मिळतात, कायदे मिळतात, सरकारी अहवाल मिळतात. पण 1897 मध्ये कापड्यात परत आलेली पोरं दिवसभर काय करत होती, कशाला हसत होती, कुणाशी भांडत होती, यातलं काहीच कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्या साथीबद्दलही तसंच होऊ शकतं.

म्हणून आजचा गृहपाठ. 2020 मध्ये तुम्ही जिथे होता, तिथला एक साधा दिवस आठवा. डबा कोण आणायचं, रेंज कुठे मिळायची, खेळ कोणता होता, त्यावर कोण रागावलं. मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा, तारीख घाला, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही बोलतं करा. पाच मिनिटं पुरेत.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, पावसाळ्याआधी ब्रेक शू तपासून घ्या.