मानमोडी

मंडळी, एकाच शब्दात दोन साथी कशा दडलेल्या असतात ते पाहा. जुन्या माणसांच्या बोलण्यातले 'मानमोडीचे साल' म्हणजे १९१८. जून महिन्यात मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा देशात शिरला. पावसाळा सरताना दुसरी, अधिक भयंकर लाट आली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्या तापाला लोक मानमोडी म्हणाले.

हेच नाव कोंबड्यांच्या एका रोगालाही आहे. त्याचे पुस्तकी नाव राणीखेत. १९२६ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला आणि जावा बेटावर हा रोग ओळखला गेला. पाठोपाठ तो कुमाऊंमधल्या राणीखेतला आढळला, म्हणून आपल्याकडे ते नाव रूढ झाले. कोंबडी चोच उघडून श्वास घेते, घरघरते, हिरवट पातळ हगते. त्यातून वाचलीच तर मान पिरगळलेली राहते. दोन्ही रोगांचे विषाणू वेगळे, नाव मात्र एक.

आमच्या पेण-रोह्याच्या वाड्यांत शेत पुरुषाच्या नावावर असे, पण परसातली कोंबडी बाईची. ती विकून आलेले पैसे तिच्या हातचे. खुराडे रिकामे झाले की त्याची झळ माझ्या वर्गापर्यंत पोचायची. "गुरुजी, वह्या पुढच्या बाजाराला घेऊ," असे पोरे सांगायची. १९१८ ची गणती सरकारदरबारी झाली. या नुकसानीची नोंद कोण ठेवणार? 'मानमोडी आली' एवढे म्हटले की विषय संपायचा, जणू ऋतूच बदलला. उरलेल्या कोंबड्या डालग्यात घालून घाईने विकायच्या, म्हणजे रोगही डालग्यातून पुढच्या गावाला.

खरे तर या रोगावर औषध नसले तरी लस आहे. मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकातच ती तयार झाली. लहान पिलांना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. अडचण वेगळीच. लस थंड ठेवावी लागते, कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची, आणि एकदा कालवली की थोड्या वेळात संपवावी लागते. दहा कोंबड्यांची मालकीण ती कशी घेणार? म्हणून साऱ्या वाडीने मिळून, खुराडी उघडण्याआधी, एकाच सकाळी लस टोचून घेणे हाच उपाय.

आता आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मेल्या, तेव्हा आधी राणीखेतचेच नाव पुढे आले होते. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये तो पेणशेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरला आला. बर्ड फ्लू हाही इन्फ्लुएंझाच, म्हणजे १९१८ च्या मानमोडीच्या कुळातला. तो क्वचित माणसालाही होतो. वरवर पाहून दोन्ही रोग वेगळे ओळखता येत नाहीत.

म्हणून कोंबड्या पटापट मरू लागल्या तर त्या ओढ्यात टाकू नका, उरलेल्या विकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जुने नाव जरूर वापरा, पण नाव सापडले म्हणजे रोग कळला असे समजू नका.

तुमच्या गावी या रोगाला काय म्हणतात? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मला नक्की कळवा.